भीमण्णांचा कायदेपंडित

मागच्या महिन्यात एक मुलगी घरी आली. बेंगळूरच्या त्या टोकाला मारतहळ्ळीहून निघालेली, इथं आमच्या शिवाजीनगरला पोचेपर्यंत तिची सकाळ गाडीतच संपली होती. मूळची पुण्याची, मराठी छापल्यासारखं बोलायची. म्हणाली, "आजोबा, आमच्या संस्थेकडं भीमसेनरावांची कागदपत्रं आलीत. तुम्ही त्यांना ओळखत होता असं कळलं."

भीमसेनराव म्हणजे आमचे भीमण्णा. पन्नास-साठच्या दशकात आमच्या भागाचे आमदार होते. त्यांच्या नातवानं घर विकताना माळ्यावरच्या ट्रंका तशाच उचलून संस्थेला दिल्या. सरकारी कारखान्यांची तपासणी, कामगार संघांच्या चौकशा, विधानसभेत विचारायच्या प्रश्नांचे मसुदे, असं सगळं त्यात आहे. ते नीट लावून ठेवायचं, म्हणजे पुढं अभ्यास करणाऱ्यांना सापडेल, हे त्या मुलीचं काम.

"एक अडलंय," ती म्हणाली. "मसुदे सगळे इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये. पण समासात मराठीत एक शेरा असतो. 'पां. ला दाखवले.' 'पां. ला कळले नाही, पुन्हा लिहिणे.' काही प्रश्न तर या पां. साठी चार-पाच वेळा लिहिलेत. आमच्या सरांचं म्हणणं, हे कामगार कायद्याचे कुणीतरी मोठे जाणकार असणार. त्यांची मान्यता मिळाल्याशिवाय भीमसेनराव सभागृहात प्रश्न मांडत नव्हते. तुम्हाला काही कल्पना आहे, हे पां. कोण?"

मी आधी तिला पाणी दिलं. रिकाम्या पोटी असल्या गोष्टी ऐकू नयेत. मग सांगितलं की पां. म्हणजे मी. पांडुरंग. धंदा शिंपीकाम, शिक्षण चौथी. चौथीच्या मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून त्यांनी मला पुढं ढकललं आणि पाचवीच्या मास्तरांनी आत घेतलं नाही.

पोरीचा चेहरा असा पडला की मला वाटलं थोडं कायद्याचं काहीतरी बोलून दाखवावं. पण येत असेल तर बोलणार. ती भली पोर, सावरली आणि म्हणाली, "मग तुम्हीच लिहून द्या ना, ते कसे होते." म्हणून हे लिहितोय. आणखी एक कारण आहे. माझी बायको तुळसा गेली त्याला वर्ष होत आलं. घरात माझं बोलणं ऐकायला आता भिंतीच आहेत, आणि भिंतींना तिच्यासारखं मधेच "पुरे" म्हणता येत नाही. तेव्हा हे लांबलं तर बोल तिला लावा.

भीमण्णांचं नाव भीमसेन आणि अंगकाठी माझ्या गजासारखी, म्हणजे कापड मोजायच्या लाकडी गजासारखी. त्यांच्या मापाचा कोट शिवला तर उरलेल्या कापडात पोराची चड्डी निघायची. चालायचे मात्र असे की मागच्याला पळावं लागे. आमच्यासारखेच बेंगळूरचे जुने मराठी, घरी मराठी, दारात कन्नड. मराठीत बोलता बोलता मधेच "स्वल्प थांब" म्हणायचे आणि ते कन्नड आहे हे त्यांना नि मला दोघांनाही कळायचं नाही.

शिवाजीनगरात बसच्या थांब्यामागं माझं दुकान होतं. दुकानाच्या वरची खोली भीमण्णांनी कचेरी म्हणून घेतली होती. खोलीत टेबल, खुर्ची, पंखा सगळं होतं. पण त्यांना बसून वाचता यायचं नाही. उभ्यानं वाचायचे, उभ्यानं लिहायचे. आणि उभ्यानं लिहायला बरोबर उंचीचं टेबल सगळ्या गल्लीत एकच होतं, माझं कापणीचं. मग काय, सकाळी मी कापड पसरलं की हे कागद पसरणार. त्यांच्या अहवालावर माझा खडू उठायचा आणि माझ्या गिऱ्हाइकाच्या पॅंटवर त्यांची शाई. कागद एकत्र लावायला माझ्या टाचण्या घ्यायचे. त्या पोरीनं बोट दाखवलं मला, गंजकी टाचणी लागलेलं. मी म्हटलं, बाई, ती टाचणी माझी आहे, पण आता परत मागत नाही.

त्यांची एक रीत होती. विधानसभेत प्रश्न विचारायचा असला की आधी तो मला वाचून दाखवायचे. इंग्रजीत लिहिलेला असला तर मराठीत करून सांगायचे. मग म्हणायचे, "आता तू सांग." नुसती मान हलवून चालायचं नाही. माझ्या शब्दांत मला तो प्रश्न परत सांगावा लागे. सांगता आला तर प्रश्न बरा. नाही आला तर समासात ते वाक्य लिहून ते पुन्हा लिहायला लागायचे.

मला वाटायचं, आमदार माझा सल्ला घेतात. चहाच्या टपरीवर मी तसं सांगायचोही. "आज त्या प्रश्नात मी जरा फेरफार सुचवला," वगैरे. एकदा मी त्यांना विचारलं, "अण्णा, वर एवढे वकील येतात तुमच्याकडं, पण प्रश्न मलाच का दाखवता?"

ते कागदातून मान वर न करता म्हणाले, "वकिलाला काहीही कळतं रे. मंत्र्याला समजेल असा प्रश्न हवा. मंत्री तुझ्याएवढाच आहे."

मी हेही टपरीवर सांगितलं. मंत्र्याएवढा आहे म्हणाले, एवढंच सांगितलं.

त्यांच्या कोटाला मी आतून सहा खिसे लावले होते. पगाराचे कागद एका खिशात, अपघाताचे दुसऱ्यात, असं. पिशवी बाळगायचे नाहीत. म्हणायचे, पिशवी हातातली कुणी घेऊ शकतो, कोट काढून घ्यायला हिंमत लागते. पण एकदा अस्तर बदलायला कोट माझ्याकडं आला आणि मी खिसे उलटसुलट शिवले. डावीकडचे उजवीकडं. दुसऱ्या दिवशी विधानसौधात, म्हणजे विधानसभेत, हे उभे राहिले, पुरावा म्हणून खिशातून कागद काढला आणि मोठ्यानं वाचायला लागले, "तूरडाळ, गूळ, वेलदोडे." त्यांच्या बायकोची यादी होती ती. सभागृह हसलं. हे थांबले, चष्मा नीट केला आणि म्हणाले, "अध्यक्ष महाराज, कारखान्यातल्या माणसाला एवढंच हवं असतं. आता तेवढं त्याला का मिळत नाही ते दुसऱ्या खिशात आहे." संध्याकाळी येऊन मला हे सगळं सांगितलं, रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "पांडू, खिसे असेच राहू देत. सवय करून घेतो." त्यांना सवय होती माणसं बदलण्यापेक्षा स्वतः बदलायची. तुळसानं माझ्याबाबतीत पुढं तेच केलं.

होसकोटेच्या रस्त्यावर तेव्हा एक सरकारी कारखाना होता. पोलीस, टपालवाले, बसवाले, सगळ्यांचे गणवेश तिथं शिवायचे. तुळसा तिथं काजं करायला जायची. हंगामी होती. हंगामी म्हणजे काम आलं तर या, नाहीतर घरी बसा. आजारी पडलात तर स्वतःच्या हिमतीवर पडा. कायम झालं की रजा, म्हातारपणाची सोय, सगळं. तिथल्या प्रत्येक हंगामी बाईच्या डोक्यात एकच असे, कायम कधी होणार.

त्या कारखान्यातला कामगार संघ भीमण्णांनीच उभा केला होता. आमदार व्हायच्या आधी ते महिनोनमहिने त्या गेटापाशी उभे राहिलेले. संघाचे नियम त्यांनीच लिहिले, आणि नंजप्पा नावाच्या एका पोराला भाषण करायला शिकवून अध्यक्ष केलं. पोरगा तयार झाला. इतका तयार झाला की व्यवस्थापकसुद्धा त्याला विचारून पाणी प्यायचा. कोणाला कायम करायचं त्याची यादी नंजप्पा द्यायचा, व्यवस्थापक सही करायचा.

आणि आता विधानसभेची सरकारी कारखाने तपासणारी जी समिती होती, तिच्यात भीमण्णा होते. एकदा त्यांनी मला म्हटलं, "उद्या त्या कारखान्यात तपासणीला जायचंय. चल माझ्याबरोबर."

मला रात्रभर झोप नाही. अखेर माझं शिवणकामाचं ज्ञान सरकारच्या कामी येणार. लग्नातला कोट काढला. फीत गळ्यात घालू की खिशात ठेवू, यावर तुळसाचं मत घेतलं. ती म्हणाली, "खिशात. गळ्यात घातली तर कुणीतरी माप द्यायला उभं राहील."

सकाळी भीमण्णांनी माझ्या हातात पाण्याचा कूजा दिला. ज्याची तपासणी करायची त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा त्यांचा नियम. कूजा मातीचा, जड. ते वाळल्या काटकीसारखे, उचलणार कोण. त्यासाठी मी. लग्नातल्या कोटात, कूजा पोटाशी धरून, मी सगळा कारखाना त्यांच्यामागं फिरलो. काजांच्या विभागात तुळसा बसली होती. तिनं एकदा वर बघितलं. मी ओळख दाखवली नाही. मी सरकारी कामावर होतो. तिनंही दाखवली नाही. पण तिचे खांदे हलत होते आणि शेजारची बाई तिला विचारत होती, "काय झालं गं?" घरी आल्यावर म्हणाली, "पाहुण्यांमध्ये कूजा सगळ्यात रुबाबदार दिसत होता."

त्या तपासणीत काही सापडलं नाही. यंत्रं पुसलेली, बायका गप्प. भीमण्णा खट्टू होऊन परत आले. काहीतरी आहे एवढं त्यांना वाटत होतं, काय ते कळत नव्हतं.

ते माझ्यामुळं कळलं. माझ्या हुशारीमुळं नाही, फुशारकीमुळं.

झालं असं. गौरी-गणपतीचे दिवस. भीमण्णा टेबलापाशी उभे राहून लिहीत होते आणि मला बोलायची हुक्की आली. म्हटलं, "अण्णा, आमच्या तुळसाला मोठा मान आहे हो कारखान्यात. दर सणाला अध्यक्षांच्या घरी होळिगे लाटायला तिला बोलावतात." होळिगे म्हणजे आपली पुरणपोळी. "नंजप्पा म्हणतो, तिच्यासारखी पातळ कुणाची होत नाही. येताना डबा भरून देतात. मी गल्लीत वाटतो, अध्यक्षांच्या घरच्या म्हणून."

लेखणी थांबली.

"सणाला कारखान्याला सुट्टी नसते," भीमण्णा म्हणाले. "मग ती जाते कशी? रजा टाकून?"

"छे. हजेरी लागते की. हजर म्हणूनच."

"एकटीच जाते?"

"नाही नाही, बऱ्याचजणी असतात. कोणी पुरण वाटायला, कोणी अंगण सारवायला, कोणी पोरं सांभाळायला. सगळ्या हंगामी."

"कायम असलेली एखादी?"

मी विचार केला. विचार करणं हा माझा प्रांत नव्हे, पण केला. "नाही. कायम झाली की मग ती येत नाही."

"आणि जी कधीच गेली नाही, अशी एखादी कायम झालीय?"

मी तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. भीमण्णांनी मला त्या वेळी "आता तू सांग" असं म्हटलं नाही. माझं तोंड बघूनच समासात 'पां. ला कळले' लिहिलं असणार.

घरी जाऊन मी तुळसाला विचारलं, "तुला तिथं मानानं बोलावतात ना?"

ती पीठ चाळत होती. चाळणी थांबवली नाही. म्हणाली, "तुम्हाला इतका आनंद व्हायचा. गल्लीत वाटत फिरायचात. मी म्हटलं, कुणाला तरी गोड लागू दे."

तेव्हापासून आजपर्यंत मी तिच्यावर रागावायचं कारण शोधतोय. ती गेल्यावरही सापडलेलं नाही.

मग साक्षी घ्यायचं ठरलं. बायका बोलणार कुठं? कचेरीत आल्या तर नंजप्पाला कळणार. पण शिंप्याकडं बाई चोळी शिवायला आली तर कोण विचारतो. एकेक करून आल्या. तुळसा पडद्याआड त्यांचं माप घेत बसायची, खरंच घ्यायची, आणि त्या बोलायच्या. भीमण्णा पडद्याच्या अलीकडं टेबलापाशी, त्यांच्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून उभे. म्हणायचे, अनोळखी माणसाच्या तोंडाकडं बघत बाई खरं बोलत नाही, पाठीशी बोलते. लिहून झालं की ते त्या बाईच्या भाषेत तिला वाचून दाखवायचे. कोणी तमिळ, कोणी तेलुगू, कोणी दखनी बोलणारी. भीमण्णांचं तेलुगू ऐकून एक बाई म्हणाली, "असं मी बोलले असेन तर मला लाज वाटते." तिची साक्ष त्यांनी पुन्हा लिहिली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. न कळणारा मी एकटाच नव्हतो.

समितीत निनावी साक्ष चालत नव्हती. नाव हवं. आणि नाव म्हटलं की प्रत्येक बाई चोळीचं माप अर्धं सोडून घरी जाऊ लागली.

नंजप्पाला वास लागलाच. एका दुपारी तो फळांची करंडी घेऊन दुकानात आला. मला वाटलं होतं आरडाओरडा करील. तो भीमण्णांच्या पाया पडला. कन्नडमध्ये बोलत होता, भीमण्णांना गुरुगळे म्हणजे गुरुजी म्हणायचा, बाकीचं मी मराठीत लिहितो.

"गुरुगळे, मी कुणाचा हात धरून घरी आणलं का? सण आहे, या म्हटलं. आल्या. त्यांना घरचंच वाटतं."

"त्या कणीक मळतात तेव्हा तुझी बायको काय करते, नंजप्पा?"

"तीही मळते की त्यांच्याबरोबर."

"मग तिला कायम कधी करणार?"

नंजप्पाला हसू आलं. लगेच त्यानं ते गिळलं. मग खाली बसून म्हणाला, "हे बघा. संघ तुमचा आहे. तुम्ही हे विधानसौधात मांडलंत तर उद्या पेपरात काय येईल? कामगार संघ सडलेत. व्यवस्थापक त्याचीच वाट बघतोय. पुढच्या पगारवाढीला आम्हाला दारात उभं करणार नाही. माझं नाक कापायचं तर कापा, पण त्या चारशे घरांचं काय? आणि मतं तिथूनच मिळतात तुम्हाला. कोण देईल?"

हे तो खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती. भीमण्णांनी करंडी उचलून त्याच्या हातात दिली. "घरी ने. आणि आज स्वतः चिरून बायकोला दे."

तो गेल्यावर त्या दिवशी त्यांनी एक ओळही लिहिली नाही. टेबलावर हात टेकून उभे होते. मला कापड कापायचं होतं, पण बाजूला व्हा म्हणायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या घरी आले. घर म्हणजे दुकानामागची खोली. तुळसानं त्यांना पाट दिला. ते उभेच राहिले.

"तुळसक्का," ते म्हणाले, "मी नियम सुचवतोय. जी आधी लागली ती आधी कायम. यादी संघाची नाही, हजेरीपटावरून. पण तुला एक सांगायला हवं. नंजप्पाच्या या दिवाळीच्या यादीत तुझं नाव आहे. मी बघितलंय. माझा नियम आला की तू मागं जाशील. तू उशिरा लागलीस. किती वर्षं मागं जाशील ते मला सांगता येत नाही."

मी म्हटलं, "अण्णा, नियम दिवाळी झाल्यावर आणला तर?"

दोघांनीही माझ्याकडं बघितलं. दोघांची नजर एकच होती. मी कॉफी ठेवायला उठलो.

तुळसानं विचारलं, "माझ्या जागी कोण येईल?"

"लक्ष्मम्मा म्हणून आहे. कॉलरच्या विभागात."

"माहीत आहे. तिची सासू अंथरुणाला आहे, म्हणून ती कधी नंजप्पाकडं येऊ शकली नाही. आम्ही तिला हसायचो, हिला कायम व्हायची हौसच नाही म्हणून." तिनं रिकामा पाट भिंतीला लावला. "नाव हवंय ना तुम्हाला? माझं घाला. पहिलं घाला. पहिलं कुणाचं तरी दिसलं की बाकीच्या येतील."

"तुला काढून टाकतील कदाचित."

"मग ह्यांच्या दुकानात काजं करीन. हे काजं इतकी वाकडी करतात की कुणीतरी बसायलाच हवं."

भीमण्णा हसले नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाले, "पांडू, कळलं?"

आयुष्यात पहिल्यांदा मला एका झटक्यात सगळं सांगता आलं. म्हटलं, "आमची बायको मागं जाणार आणि तुम्ही निवडणुकीत पडणार."

"सरी, बरोबर," ते म्हणाले. "हे पुन्हा लिहायला नको."

तुळसाचं नाव पहिलं लागलं आणि बाकीच्या आल्या. समितीनं साक्षी बंद दाराआड घेतल्या. भीमण्णांनी सभागृहात उभं राहून नियम मांडला, आणि हा संघ मीच उभा केला आहे हेही सांगितलं. मी वरच्या सज्जात बसलो होतो. समजलं किती ते विचारू नका. पण नंजप्पाचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही एवढं समजलं. नियम झाला. दिवाळीला लक्ष्मम्मा कायम झाली, पेढे घेऊन घरी आली आणि तुळसाच्या गळ्यात पडून रडली. तुळसाला काढून टाकलं नाही. नुसतं मागं ठेवलं. ती कायम झाली तेव्हा आमच्या थोरल्या मुलीचं लग्न होऊन गेलं होतं.

नियमाच्या पुढच्याच सणाला ती आपल्या घरी होळिगे करायला बसली. मी पोटभर खाल्ल्या आणि नेहमीप्रमाणं डबा घेऊन गल्लीत वाटायला निघालो. दारातच थबकलो, कुणाच्या घरच्या म्हणून सांगू ते सुचेना. ती आतून म्हणाली, "पांडू शिंप्याच्या घरच्या म्हणा. लोक तरीही खातील."

आणि भीमण्णा पडले. त्यांच्यासमोर नंजप्पाच उभा होता. ज्या गेटापाशी भीमण्णा महिनोनमहिने उभे होते त्याच गेटातून नंजप्पाला मतं पडली. ज्या बायका त्या नियमानं कायम झाल्या त्यांनी कुणाला मत दिलं, हे मी तुळसाला विचारलं. ती म्हणाली, "त्यांना अजून तिथंच काम करायचंय." पुढं संघानं ठराव करून भीमण्णांना सदस्यत्वातून काढलं. त्यांनी वरची कचेरी सोडली. ट्रंका हमालाच्या डोक्यावर चढवताना एवढंच म्हणाले, "तुझं टेबल आता तुला."

टेबल मोकळं झालं आणि माझे कपडे आणखीच वाकडे कापले जाऊ लागले. गिऱ्हाइकं म्हणायची, शिंपी म्हातारा झाला. मी तेव्हा चाळिशीचाही नव्हतो.

त्यानंतर भीमण्णा मला एकदाच नीट दिसले. साठचं दशक संपत आलं होतं. तुळसाला आणायला मी सायकलवर कारखान्याकडं गेलो होतो. सुटी झाली होती, पण आत आवारात संघाची सभा चालू होती. कर्णा लावलेला, आवाज बाहेर रस्त्यापर्यंत. आमदार आणि अध्यक्ष नंजप्पा बोलत होता. कारखान्यात पाळणाघर हवं, लहान पोरं असलेल्या बायकांना हंगामी असल्या तरी त्याचा लाभ हवा, असा ठराव होता. चांगलं बोलत होता. हाताची बोटं जुळवून वाक्य तोडायची ढब तर थेट गुरूची.

कुंपणाच्या भिंतीबाहेर, बसच्या थांब्यापाशी, भीमण्णा उभे होते. आणखी वाळले होते. पहारेकरी जुना माणूस, त्यांना ओळखणारा. गेटातून म्हणत होता, "आत या की अण्णा. मागं उभे राहा, कोण बघतंय."

"मी सदस्य नाही," भीमण्णा म्हणाले. आणि भिंतीकडं तोंड करून ऐकत राहिले.

होसकोटेकडून बस आली. थांबली. कंडक्टरनं घंटा वाजवली, त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी हातानंच जा म्हणून सांगितलं. बस गेली.

कर्ण्यावर नंजप्पा म्हणाला, "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

भिंतीच्या आत काय झालं मला दिसलं नाही. तुळसाचा हात वर गेला असणार. बाहेर भीमण्णांनी हात वर केला. पूर्ण, कोपर सरळ करून. मी सायकल धरून उभा राहिलो. हाक मारावी असं वाटलं, पण मोजणी चालू असताना बोलू नये एवढं मला त्यांच्याकडूनच कळलेलं. आत मोजत होते आणि वेळ लागत होता. हात अवघडला तसा त्यांनी तो दुसऱ्या हातानं कोपरापाशी धरला. खाली घेतला नाही.

मग कर्ण्यावरून आलं, ठराव एकमतानं मंजूर.

तेव्हा त्यांनी हात खाली घेतला, दंड चोळला, आणि पुढच्या बसची वाट बघत उभे राहिले.